ब्रेकचे नवे पट्टे

आमच्या भावकीत अजूनही कुणी ना कुणी म्हणतं, "मोटारवाल्या भावानं बहीण घालवली." म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. लोकांनी तसं समजावं अशी व्यवस्था आम्हीच केली होती. ज्यांच्यासाठी केली ते आमचे वडील आता नाहीत, आणि ज्यानं सगळं अंगावर घेतलं तो माझा मोठा भाऊही नाही. तेव्हा खरं काय ते लिहायला आता मीच उरलो आहे.

मी आमच्या वाडीतला पहिला बी.ए. हे मी सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, रत्नागिरी बंदरातला माल बैलगाडीनं आंबा घाट चढवून वर पोचवण्यात जन्म काढला. दादानं शाळा चौथीत सोडली ती मला पुढे जाता यावं म्हणून. तो आधी आबांबरोबर गाडीवर गेला, आणि सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या तसा एका शेटजींच्या मोटारीवर ड्रायव्हर झाला. मी कोल्हापुरास कॉलेज करून परत आलो आणि गावातच शाळेत मास्तर लागलो. इंग्रजी बोलणारा माणूस आमच्या अंगणात मी पहिला उभा राहिलो. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ह्यो आमचा मास्तर." वर एक हात माझ्या पाठीवर. मी नको म्हणत नसे.

आम्हाला एकच बहीण, सगळ्यांत धाकटी. तिला आम्ही बाय म्हणायचो. आई ती रांगती असतानाच गेली. घरात बाईमाणूस नाही म्हणून आबा तिला गाडीवर बरोबर न्यायचे. मिठाच्या गोणींच्या मधे गवत पसरून तिची जागा केलेली असायची. घाटातल्या सगळ्या नाक्यांवर गाडीवाले तिला ओळखत. पुढे लग्न झालं. नवरा बोटीवर खलाशी, वर्षाकाठी एकदा यायचा. त्या वैशाखात तो कुठल्याशा दूरच्या बंदरात होता, आणि बाय पोटात कळा येतात म्हणून माहेरी आली होती.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. "आत गळू धरलंय. ते इथं कापण्यासारखं नाही. घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आठ-दहा दिवस हाताशी आहेत असं धरून चाला. आणि हे बघा मास्तर, बैलगाडीतून नेऊ नका. हादऱ्यांनी फुटलं तर संपलं."

म्हणजे मोटार. शेटजी चांगला माणूस. वैशाखाचे दिवस, लग्नसराई, एकेक मोटार वऱ्हाडांनी आधीच धरून ठेवलेली. तरी त्यांनी दादाला सांगितलं, "तुझी बहीण ती माझीही बहीण. घेऊन जा गाडी." मला वाटलं, आता उद्या निघायचं. दादा म्हणाला, "नाय. ब्रेकचे पट्टे संपलेत. रिबिटा घासायला लागल्यात. रोजच्या पाशिंजरांना मी गियरात धरून उतरवतो, पण हिला घेऊन मी तसा घाटात जाणार नाय."

मला तेव्हा मोटारीतलं काही कळत नव्हतं. दादानं मागचं चाक काढून दाखवलं तेव्हा कळलं. चाकाच्या आत ताशासारखा एक लोखंडी डबा असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल लोखंडी तुकडे, त्यांना ड्रायव्हर लोक बूट म्हणत. पायाखालचा दांडा दाबला की बूट फाकून डब्याला आतून घट्ट धरतात. लोखंडाला लोखंडानं धरता येत नाही, म्हणून बुटांवर रिबिटांनी, मऊ धातूच्या खिळ्यांनी, पट्टा ठोकलेला. जुना पट्टा विणलेला होता, पितळी तारा घातलेला, सुंभाच्या चऱ्हाटासारखा दिसणारा. तो झिजून इतका पातळ झाला होता की रिबिटांची डोकी वर आलेली.

"तसाच आणवायचा?" मी विचारलं.

"तसा नको. तो धरतो मऊ, पण आंब्याच्या उतारावर तापला की दम सोडतो. आता साच्यात घातलेला टणक पट्टा निघालाय, तो मागवूया. तो तापला तरी ऐकतो. फक्त आवाज करतो म्हणतात."

"करू दे आवाज."

"ता तू आज म्हणतंस," दादा हसला. "ऐकलास काय मग बोल."

मुंबईहून आगबोटीनं पट्टे मागवले. बोट लागली त्या दिवशी मी शाळा सुटल्या सुटल्या भगवती बंदरावर गेलो. पडावातून माल उतरला त्यात आमचं पुडकं होतं. ते काखेत धरून घरी येताना मला मोठं काहीतरी मिळवून आणल्यासारखं वाटलं. पुडक्यात इंग्रजी छापील कागद होता. मी तो अंगणात बसून दादाला मराठीत सांगितला: रिबिट पट्ट्याच्या पृष्ठभागापेक्षा खोल बसवावी, डबा आतून पुसून कोरडा करावा, तेलाचा थेंबही लागू देऊ नये. दादा ऐकता ऐकता हुं हुं करत होता. हे त्याला सगळं माहीत होतं. तरी मी वाचून दाखवतोय हे त्याला आवडत होतं, म्हणून थांबवत नव्हता.

आबा तेव्हा आत होते. त्या दिवसांत ते बायच्या अंथरुणाशेजारून हलतच नव्हते. मोटारीच्या पोटात काय असतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, बघायची हौसही नव्हती. दादा ड्रायव्हर झाला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बैल दमला तर दिसतो. ह्या पेटाऱ्याचं काय दिसतं?"

दादानं जुने पट्टे सोडवले, नवे तांब्याच्या रिबिटांनी ठोकून बसवले आणि मोटार रस्त्यावर एक फेरी मारून आणली. घराच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि असा काही कर्कश आवाज झाला की शेजारच्या परड्यातल्या कोंबड्या उडाल्या. डुक्कर कापताना ओरडतं तसा. खिडकीतून बघितलं तर बायनं दोन्ही हातांनी कान झाकले होते. तापानं तिला कुठलाच आवाज सहन होत नसे, भांडं पडलं तरी ती दचकायची आणि दचकली की पोटात कळ यायची.

आबा ओसरीवर आले. "काय रे ह्या? चाक रडतंय ना!"

"चाक नाय आबा, ब्रेक. नवा पट्टा हाय. नव्या जावयासारखा. बसेपर्यंत कुरकुरणारच."

"कुरकुर? ही कुरकुर? रडत्या चाकावर आजारी माणूस घालू नये. आमच्यात कोणी घालत नाय."

हे ते उगाच बोलत नव्हते. जुन्या गाडीवाल्यांचा हा नेम होता. घाटाखाली मुक्काम पडला की जेवायच्या आधी प्रत्येक जण आपल्या गाडीच्या आसाला उंडीचं तेल द्यायचा. उंडीच्या फळांचं घाण्यातलं कडू तेल, दिव्याला आणि वंगणाला तेच. ज्याचं चाक वाजतं तो गाडीवान नव्हे. आणि गाडीत बाळंतीण किंवा दुखणाईत असेल तर आवाज येतंय असं चाक घेऊन घाटाला पाय लावायचा नाही. तेल दिल्याशिवाय कुणी जू उचललं तर बाकीचे गाडीवान त्याला आडवे होत.

दादानं दुसऱ्या दिवशी सकाळपासून आवाज घालवायचा प्रयत्न केला. मी सुट्टी काढून त्याच्या हाताखाली बसलो. आधी डब्यातली पूड झालेली काजळी झटकली. मग पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या धारा कानशीनं घासून उतरत्या केल्या, कारण उभी धार डब्यावर आपटली की ती कंप पावते आणि ओरडते. मग डब्याला आतून खडू फासला, चाक चढवून फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा उतरवलं. पट्ट्यावर जिथे पांढरा डाग उठला तिथेच तो टेकत होता, बाकी ठिकाणी नाही. ते उंचवटे पॉलिशकागदानं घासून काढले. खडू, फिरव, काढ, घास. शेवटी पट्टा सगळीकडून सारखा पांढरा व्हायला लागला.

बाय आतून हाक मारायची, "दादा, आता रडतंय काय?"

"आता मुसमुसतंय," दादा ओरडून सांगायचा.

"मास्तर काय करतंय?"

"मास्तर खडू लावतंय. दुसरा काय येतंय त्येला?"

आतून तिचं हसणं ऐकू यायचं आणि मागून "हसवू नका रे, दुखतंय" असंही. त्या घरातलं ते शेवटचं हसणं, असं मला नंतर वाटत राहिलं. तेव्हा मला फक्त माझी थट्टा केल्याचा राग आला होता.

दुपारपर्यंत आवाज बराच गेला. अगदी शेवटाला, मोटार थांबता थांबता, एक बारीक किंकाळी राहिली. दादा म्हणाला, "एवढी राहू दे. घाट एकदा उतरला की आपोआप बसेल. आता जास्त घासलं तर पट्टाच उरायचा नाय." त्यानं चाकं घट्ट केली, हात धुतले. आम्ही दोघं शेटजींच्या घरून कापसाची गादी आणायला आणि डॉक्टरांचा निरोप घ्यायला गेलो. मोटार अंगणात सावलीला उभी होती. घरी आबा आणि बाय दोघंच.

परत आलो तेव्हा आबा ओसरीवर हात पुसत बसले होते. चेहरा समाधानी. आम्हाला वाटलं, पोर झोपली असेल.

पहाटे निघालो. मोटारीतली बाकं काढून गादी घातली होती. आबा आत बसले, बायचं डोकं त्यांच्या मांडीवर. मी दादाशेजारी. शेजारच्या काकूंनी दहीभाताचा डबा दिला आणि बायची अलाबला घेतली. हवा थंड होती. दादा इतकी हलकी चालवत होता की मागे बसलेल्याला पेंग यावी. कुवारबाव गेलं. एकदोनदा त्यानं वेग कमी केला तो नुसता गियरवर, आणि मला आठवतं, मी म्हणालो, "आवाज गेला की रे." तो म्हणाला, "दाबलाय कुठे अजून?"

हातखंब्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथे त्यानं ब्रेक दाबला. मी त्याच्या पायाकडे बघत नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो, काहीतरी सांगत होतो. त्याचं तोंड बदललं. त्यानं पुन्हा दाबला. मोटार ऐकेना, अंगावर येणाऱ्या म्हशीसारखी जड होऊन पुढे जायला लागली. त्यानं हातब्रेक ओढला, गियर खाली पाडला, इंजिनानं भोकाड पसरलं, आणि उतार संपता संपता त्यानं डावी बाजू रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्याला घासत घासत लावली. मोटार थांबली. गडग्याचे दोन चिरे पडले. आत बायला धक्का बसला नाही इतकं ते त्यानं हळू केलं. त्याच्याइतका चांगला ड्रायव्हर त्या रस्त्यावर नव्हता, हे मी आज कुणासमोरही म्हणेन.

"काय झालं रे?" आबांनी आतून विचारलं.

"बघतो," दादा म्हणाला.

जॅक लावून त्यानं मागचं चाक उतरवलं. डबा काढला. आतून वास आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. उंडीच्या तेलाचा वास आमच्या घरात लहानपणापासून होता, आबांच्या कपड्यांना होता, हातांना होता. तो ओळखायला विचार करावा लागत नाही. नवा पट्टा तेलानं चकचकीत झालेला, आणि उताराच्या उष्णतेनं ते तेल वर शिजून काळी साय धरलेली. डब्याच्या फटीत काथ्याचा एक तंतू अडकला होता. बुधलीत काथ्याचा बोळा भिजवून फटीतून आत पिळायचा, ही आबांची तेल द्यायची रीत. दादानं दुसरं चाक उघडलं. तेच. ब्रेक मागच्या दोनच चाकांना होते, पण पुढच्या चाकांच्याही आसाशी तेल ओघळलेलं दिसत होतं. त्यांनी एकही चाक सोडलं नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत आबा बायशी बोलताना ऐकू आले. मधे नुसती पातळ फळी, एकेक शब्द स्वच्छ.

"काय गो बाय, वाटेत आवाज आला काय?"

"नाय ओ आबा. अजिबात नाय."

"येईल कसा? बापसानं काल तेल दिलंय. ह्या दोघांनी दिवसभर खडू फासलान नि घासलान. आस सुका पडला की चाक रडणारच. मी म्हटलं, जाऊ दे, पोरांना कशाला सांगा. नि गुपचूप चारी चाकांना देऊन टाकलं."

"तरीच," बाय म्हणाली. "गाडीतल्यासारखं वाटत होतं. आपल्या बैलगाडीतल्यासारखं."

दादा हातात पाना घेऊन रस्त्यावर उकिडवा बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग उठला, फडक्यानं हात पुसले, पुढे गेला आणि आत डोकावून म्हणाला, "आबा, मॅग्नेट गेलाय. परत जायला हवं."

"म्हणजे काय?"

"इंजिनातली वस्तू असते. ठिणगी देते ती. मधेच बंद पडेल असं वाटतंय."

"कालपासून करत काय होतास मग?"

"मॅग्नेट कधी जातो ते आधी कळत नाय, आबा."

मी बाजूला घेऊन त्याला विचारलं, तसेच पुढे जाऊया का, हळूहळू? तो म्हणाला, "चढताना तू मागून चाकाला ठोकळा लावशील. उतरताना कुणाला लावशील? नि घाटात इंजिन बंद पडलं तर मागे दरी हाय." त्यानं पेट्रोलमध्ये फडकं भिजवून एका बाजूचे पट्टे पुसले, पान्यानं खरवडले, चाक चढवून चार हात पुढे नेऊन बघितलं. काही उपयोग नव्हता. त्या टणक पट्ट्यावर तेल शिजलं की ते काचेसारखं होतं.

परत येताना चढावर मी लाकडाचा ठोकळा घेऊन मोटारीमागून चालत होतो. ऊन वर आलं होतं. मागच्या कापडी पडद्यातून आबांची पाठ दिसत होती, ते बायला पंच्यानं वारा घालत होते. धुळीत चालताना मी मनाशी इंग्रजी कवितेच्या ओळी म्हणत होतो असं मला आठवतं. का, ते सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी मोटारस्टँडकडे धावलो. एकही मोटार नाही. सगळ्या वऱ्हाडं घेऊन गेलेल्या, एक गणपतीपुळ्याकडे, एक लांज्याकडे, पहिली परतायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "ताप चढलाय. आज नेता आलं तर आजच न्या. उद्याचं मी सांगत नाही."

दादानं जुने पट्टे परत चढवून बघितले, ते तुकडे होऊन हातात आले. मग तो भाताच्या गिरणीत गेला आणि चाकावरून उतरवलेला जुना पट्टा मागून आणला, जाड, शिवलेला. पट्टे मिळत नाहीत तेव्हा ड्रायव्हर लोक तो कापून वापरायचे. त्यानं मोटार घराच्या मागल्या दारी नेली, आबांना दिसू नये म्हणून. डबे माती आणि सोडा लावून घासले, तेलाचा अंशही उरू नये म्हणून आत गवताचा जाळ केला. गिरणीचा पट्टा बुटाच्या मापानं कापला, भोकं पाडली. तांब्याच्या रिबिटा कमी पडल्या तेव्हा घरातल्या जुन्या तांब्याच्या भांड्याचा कान तोडून त्याच्या केल्या. मी पट्टा धरायचा, त्यानं ठोकायचं. 

आतून मधूनमधून आबा विचारायचे, "झाला काय रे तुमचा मॅग्नेट?"

"होत आला," दादा म्हणायचा.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मला आत बोलावलं. बायनं माझा हात धरला होता, पण ती मला ओळखत होती असं वाटत नाही. तिचं बोलणं गाडीत होतं, घाटात होतं. दिवे लागायच्या सुमाराला ती गेली. आबांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तसाच ठेवला.

मी मागल्या दारी गेलो. दादा दुसऱ्या चाकाचे नट आवळत होता. त्यानं मान वर करून मला बघितलं.  त्यानं मान खाली घातली आणि उरलेले नट आवळले, एकेक, पान्यावर पूर्ण जोर देऊन, शेवटच्यापर्यंत. मग पाना खाली ठेवला.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसांची ये-जा होती. आबा प्रत्येकाला तेच सांगायचे. मुंबईला कळवलं तरी जावई यायला महिने लागतील हे सांगायचे, पोरीच्या लहानपणाचं सांगायचे, आणि दर वेळी शेवट असा करायचे: "मोटार ऐन वेळेला बिघडली. पण एक झालं. तेवढं अंतर पोर आरामात गेली. चाकाचा आवाज नव्हता. मी तेल दिलं होतं." तेवढाच एक दिलासा त्यांच्याजवळ होता. तो ते हातात धरून बसले होते.

बाहेर मोटारस्टँडवर दादाला टोमणे पडायचे. "बहिणीला नाय नेलंन, आपल्याला काय नेणार!" असं पाशिंजर त्याच्या देखत बोलून दुसऱ्या मोटारीत बसायचे. ड्रायव्हर लोकही हसत, कारण मॅग्नेटची गोष्ट त्यांना पटत नव्हती. त्यातला एक लांज्याचा जाडा ड्रायव्हर सगळ्यांत पुढे. तो एक दिवस समाचाराला आमच्याकडे आला. आबांनी त्यालाही सगळं सांगितलं, आणि चाकांना तेल दिल्याचंही. त्याच्या हातातला चहाचा पेला थांबला. त्यानं दादाकडे बघितलं. दादा खांबाला टेकून बसला होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

लांज्याचा ड्रायव्हर पेला खाली ठेवून म्हणाला, "बरं केलात आबा. आमी असतो तर आमी पण दिलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरचे टोमणे बंद झाले. त्यानं कुणाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण त्या स्टँडवरच्या, एरवी कुणाची बायको कुणाबरोबर बोलली हेही पोटात न ठेवणाऱ्या माणसांनी ही एक गोष्ट कधी आमच्या अंगणापर्यंत येऊ दिली नाही.

भावकीला मात्र हे माहीत नव्हतं, आणि आबांनाही नव्हतं. आबांच्या मनातलं हळूहळू कडवट होत गेलं. एकदा जेवताना ते दादाला म्हणाले, "शेटच्या पाव्हण्यांना नेताना तुजा मॅग्नेट कधी गेला नाय." दादानं हातातला घास खाल्ला आणि पानावरून उठला. त्यानंतर ते दोघं एका पंगतीला बसले नाहीत.

मग आबांनी एक दिवस मला परसात बोलावलं. "तू शिकलेला हायस. तू खोटं बोलणार नाय. मोटार खरंच बिघडली व्हती, का ह्याचीच काय चूक झाली?"

दादानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "माझं ते मानणार नाय, तुझं मानतील. तू बी.ए. हायस."

मी आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मोटार बिघडली होती. दादाची चूक नव्हती." निदान अर्धं तरी मी खरं बोललो होतो. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नाही असं दिसलं. त्यांना वाटलं असावं की शिकलेला भाऊ अडाणी भावाला सांभाळून घेतोय. ज्या पदवीसाठी त्या दोघांनी हाडं झिजवली तिचा घरात पहिला उपयोग मी हा केला. आणि मी तो पुन्हा करीन. कुणी मला त्याबद्दल उपदेश करू नये.

दादानं मोटार सोडली. मुंबईला जाऊन एका कारखान्यात कामाला लागला. गणपतीला यायचा, आबांच्या पायां पडायचा, आबा "हूं" म्हणायचे, आणि तो परत जायचा.

काही वर्षांनी आबा आजारी पडले. तार केली. बोटी चालू होत्या, पण समुद्र खवळलेला होता, आणि दादाची बोट बाहेरच थांबून राहिली. तो किनाऱ्याला लागेपर्यंत आबा गेले होते. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. आवाज खोल गेलेला.

"मोठ्याला सांग," ते म्हणाले, "माझ्या मनात आता त्याच्याबद्दल काय नाय. पोर गेली त्यात त्याचं चुकलं, पण चुकतं माणसाचं. मी माफ केलं म्हणावं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

दादा घरी आला, सगळं उरकलं, लोक गेले. मग त्यानं मला विचारलं, "काय बोलले काय जाताना?"

मी एक शब्दही इकडचा तिकडे न करता सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं चिडेल. त्याला चिडायचा हक्क होता. त्यानं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"माफ केलंन मला," तो म्हणत होता. "आबांनी माफ केलंन."